खुटबावची पर्सिफनी

कंपनी काढायची म्हणजे आधी शेड उभी करायची, मग मशीन आणायचं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आधी लागतं ते नाव. नाव मंजूर होईपर्यंत सरकारदरबारी कंपनी जन्मालाच येत नाही. ते मंजूर करून आणायचं आणि पुढची सगळी नोंदणी करून द्यायची, हा माझा व्यवसाय. शिरूरला एसटी स्टँडजवळ माझं ऑफिस होतं आणि आठवड्यातून दोन दिवस मी दौंडला स्टेशनसमोरच्या एका खोलीत बसत असे. आता ऑफिस भाचीकडे दिलंय. पण रस्त्यानं जाताना एखाद्या टेम्पोवर मी मंजूर करून आणलेलं नाव दिसलं, की अजूनही मान वळते.

काम वरवर सोपं. अर्जात दोन नावं सुचवायची, त्यांचा अर्थ लिहायचा, हेच नाव का हवं ते लिहायचं. आधीच्या एखाद्या कंपनीशी किंवा नोंदलेल्या ट्रेडमार्कशी नाव जुळलं की अर्ज परत. आणि जुळतंच! समर्थ, साई, मल्हार, भैरवनाथ, शिवनेरी, कृषिराज ही सगळी नावं कधीच कुणी ना कुणी घेऊन ठेवलेली. गिऱ्हाईक माझ्यावरच तापायचं.

"आमच्या गावच्या देवाचं नाव आम्हालाच न्हाई म्हंजी काय? देव काय पुण्यातल्या लोकांनी विकत घेतला का?"

"देव तुमचाच आहे हो," मी म्हणायची. "पण कंपनी त्यांनी आधी काढली."

ग्रीक देव आमच्या तालुक्यात आले ते या टंचाईतून. एमआयडीसीत बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांच्या पाट्यांवर वेगळीच नावं होती. त्यांना माल पुरवणाऱ्या आमच्या वर्कशॉपवाल्यांनाही तसलंच भारदस्त नाव हवं झालं. एकदा एकानं मोबाइलवर पाटीचा फोटो दाखवून विचारलं, "मॅडम, असल्या घराण्यातलं दुसरं एखादं हाय का?" अर्थ लिहायचा तर तो आपल्याला माहीत हवा, म्हणून मी पुण्याला फुटपाथवरून ग्रीक पुराणकथांचं एक जुनं पुस्तक घेतलं आणि एसटीत वाचायला लागले. तेव्हा कळलं, की आपण ज्यांना निव्वळ ब्रँड समजतो त्यातली कितीतरी नावं म्हणजे तिकडचे देव, राक्षस आणि लढवय्या बायका. कुठं बुटांवर विजयाची देवी बसलीय, कुठं मनगटी घड्याळावर देवांच्याही आधीचे महाकाय पूर्वज. जगभर हेच चाललेलं. मग शिरूरनं काय पाप केलंय?

मात्र मी एक नियम केला होता. नाव देण्याआधी गिऱ्हाइकाला गोष्ट पूर्ण सांगायची. अर्धी ऐकून नाव घेणारे फार असतात.

वैभव नावाचा एक तरुण उसावर ड्रोननं औषध फवारायचा धंदा काढत होता. आला तोच नाव घेऊन.

"इकॅरस! पंख लावून उडाला त्यो, मॅडम."

"पुढं काय झालं?"

"पुढचं न्हाई ठाऊक. रीलमध्ये तेवढंच होतं."

"पंख मेणानं चिकटवलेले होते. फार वर गेला, सूर्यानं मेण वितळलं, समुद्रात पडला."

वैभवनं मोबाइल खाली ठेवला. "हे इन्शुरन्सवाल्याला म्हाईत असंल का?" मग म्हणाला, "बरं, न पडलेला कोण हाय का त्यात?"

"त्याचा बाप. पंख त्यानंच बनवले होते, तो नीट पोचला. डेडॅलस."

"डेड? नको मॅडम, आई घरात घ्यायची न्हाई." शेवटी त्यानं आजीचं नाव लावलं. अजून व्यवस्थित उडतोय.

दौंडच्या भानुदासशेठना मी हेफेस्टस हे नाव सुचवलं होतं. ते फॅब्रिकेशनवाले आणि हा देवांचा लोहार. पण तो देव एका पायानं अधू होता, आणि भानुदासशेठही लहानपणापासून पाय ओढत चालायचे. माझ्या नियमाप्रमाणे मी तेही सांगितलं.  शेठनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "देव असून लंगडा, आन् तरी बाकीच्या देवांची हत्यारं ह्योच करायचा?"

"हो. सगळ्यांची."

"मग हेच लावा." गावानं त्याचं चार दिवसांत 'हापूस इंजिनिअरिंग' केलं, ती गोष्ट वेगळी.

पण ज्या नावाचा मला खरा अभिमान आहे ते खुटबावच्या बायकांचं.

खुटबावहून दौंडला डेमू लोकल येते. त्या डेमूनं एका सकाळी दहा बायका उतरल्या आणि थेट माझ्या खोलीत आल्या. खुर्च्या तीनच. बाकीच्यांनी जमिनीवर बैठक मारली. पुढं होत्या सुमनताई. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या. नवरा वारला तेव्हापासून मुलाच्या बरोबरीनं शेती बघत होत्या. या बायका कांदा चिरून उन्हात वाळवायच्या, शेवग्याच्या पाल्याची पूड करायच्या. माल इतका चांगला होता, की पुण्याचा एक मोठा खरेदीदार वर्षभराची मागणी द्यायला तयार झाला होता. त्याची अट एकच, बचत गट चालणार नाही, रीतसर कंपनी हवी. तीही उन्हाळी कांदा निघायच्या आत.

शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा शेतकरी लागतात, आणि शेतकरी म्हणजे ज्याचं सातबाऱ्यावर नाव आहे तो. या दहा जणींची नावं उताऱ्यावर होती. कागद सगळे पुरे होते. अडलं ते नावावर.

त्यांनी ग्रामदेवीचं नाव सुचवलं, ते परत आलं. तिचं दुसरं नाव लावून बघितलं, तेही परत. त्यातच गावातल्या एका आप्पांचा निरोप आला. आप्पा म्हणजे विकास सोसायटीचे माजी चेअरमन, आणि त्यांची सून मनीषा या दहा जणींतली एक. कंपनीला आपल्या वडिलांचं नाव द्यावं, असं आप्पांचं म्हणणं होतं.

"कांदा आमी चिरायचा, डोळ्यातनं पाणी आमी काढायचं, आन् पाटीवर म्हातारबा!" हिराबाई म्हणाल्या. त्या गटातल्या सगळ्यात वयस्क आणि सगळ्यात फटकळ. मनीषा खाली बघत हसली.

परतीच्या डेमूला वेळ होता. चहा मागवला. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, तुमच्या त्या परदेशी देवांत बाईमाणूस न्हाई का कोण?"

मी धान्याची देवी डिमिटर हिची गोष्ट सांगितली. तिची एकुलती एक मुलगी पर्सिफनी. मुलगी माळावर फुलं तोडत असताना पाताळाचा राजा आला आणि तिला रथात घालून घेऊन गेला. आई रानोमाळ शोधत फिरली. मागाहून तिला कळलं, की मुलीच्या बापानंच आधी परवानगी दिली होती.

"म्हंजी पोरगी आन् आई सोडून सगळ्यांना ठाऊक हुतं," हिराबाई म्हणाल्या. "आपल्यातलीच गोष्ट हाय की ही!"

"मग आईनं काय केलं?" सुमनताईंनी विचारलं. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"रान पिकवायचं बंद केलं. एक दाणा उगवू दिला नाही. माणसं उपाशी राहिली, देवांचा नैवेद्य थांबला. तेव्हा कुठं देव जागे झाले आणि मुलीला परत पाठवायचं ठरलं. पण तिनं तिकडं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न एकदा पोटात गेलं, की कायमचं परत येता येत नाही. म्हणून तोडगा निघाला. वर्षातले काही महिने तिकडं, बाकीचे आईकडं. ती आईकडं आली की रान हिरवं होतं. गेली की उजाड."

"माहेरपण म्हणा की!" एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

सुमनताई हसल्या नाहीत. "पोरगी तिकडं हुती तवा आईचं तिच्याशी बोलणं झालं का?"

"गोष्टीत तसं काही नाही."

"नसंलच झालं," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. "हेच नाव लावा."

सुमनताई बाहेर पडल्यावर हिराबाई मागं थांबल्या आणि त्यांनी मला सांगितलं. सुमनताईंची मुलगी रेखा न्हावऱ्याला दिलेली. वडील वारल्यावर उताऱ्यावर आई, भाऊ गणेश आणि रेखा अशी तिघांची नावं लागली. गणेशचं म्हणणं, बहिणीनं रिवाजाप्रमाणे हक्कसोड करून द्यावी. रेखाच्या सासरचे म्हणाले, करायची नाही. एका लग्नात यावरून चारचौघांत तोंडं वाजली. तेव्हापासून रेखाचं माहेरी येणं बंद. ना पंचमीला, ना दिवाळीला. मायलेकींचं फोनवर बोलणं व्हायचं तेही 'जेवलीस का' एवढंच.

मी अर्जात दोन्ही नावं टाकली. पहिलं डिमिटर, दुसरं पर्सिफनी. पहिलं फेटाळलं गेलं, बाहेरदेशच्या कुणीतरी तो ट्रेडमार्क इथं आधीच नोंदवला होता. दुसरं मंजूर झालं. मी सुमनताईंना फोन लावला.

"आई नाही मिळाली, ताई. पोरगी मिळाली."

 "पोरगी मिळाली न्हवं? मग झालं की."

इथं माझं काम संपत आलं असं मला वाटलं होतं. पण मंजूर झालेलं नाव मोजक्या दिवसांपुरतंच आपलं असतं. तेवढ्यात नोंदणीचे कागद गेले नाहीत, तर ते मोकळं होतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आप्पांनी सुनेला गटातून बाहेर काढलं. "गावात एवढी कर्ती माणसं असताना कुठल्या परक्या पोरीचं नाव लावता?" असं म्हणाले म्हणे. मनीषा मला फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, माझी सही रद्द करा. मला घरात राहायचंय."

राहिल्या नऊ. दहावी शोधायला बायका गावभर फिरल्या. कांदा चिरायला पन्नास जणी तयार होत्या, पण उताऱ्यावर नाव असलेली सापडेना. या धंद्यात मला सगळ्यात खुपलेली गोष्ट हीच. आमच्याकडं बाई पहाटेपासून रानात असते. खुरपते, पाण्याची दारं धरते, काढणी करते. पण उतारा काढला, की त्यावर ती कुठंच नसते. जिथं नाव होतं, तिथं आप्पांचं नातं निघत होतं.

उरलेल्या सह्या घ्यायला मी खुटबावला गेले, तेव्हा सुमनताई म्हणाल्या, "एक नाव हाय, मॅडम. माझ्याच उताऱ्यावर."

गणेश दारातच उभा होता. धडधाकट, कष्टाळू, वाईट माणूस अजिबात नाही. "आई, तिचं नाव कमी करायचं सोडून तू पक्कं करतीस?"

"व्हय."

"मग मी कोण?"

"तू माझा ल्योक. म्हणून तुझं नाव बी हाय की तिथं. कुणी काढलंय का?" असं म्हणत त्यांनी पायात चपला सरकवल्या. "मॅडम, न्हावऱ्याला जायला चौफुल्यावरनं वडाप मिळंल."

न्हावरे माझ्या नेहमीच्या वाटेवरचं गाव. शिरूर-दौंड करताना किती वेळा गेले असेन तिथून. त्या दिवशी मात्र वडापच्या जीपमध्ये मी फाइल दोनदा उघडून पानं मोजली. सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या. न्हावऱ्याला उतरल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मी बोलू का तुमी बोलता?"

"कागदाचं मी बोलते. बाकी तुम्ही."

रेखाचं घर गावाबाहेर, मळ्यात. गोठ्यात गाई, अंगणात दुधाच्या किटल्या. रेखा किटल्या धूत होती. आईला बघून ती उठली, ओले हात तसेच धरून उभी राहिली. पुढं आली नाही. तेवढ्यात तिचा नवरा संदीप बाहेर आला, मागून सासू कौसल्याबाई.

"या," संदीप म्हणाला. आवाजात पाहुणचार नव्हता. माझ्या हातातल्या फायलीकडं बघून म्हणाला, "वकीलबाई आणल्या का? हक्कसोडीवर सही न्हाई व्हायची, आधीच सांगतो."

"मी वकील नाही," मी म्हटलं. "आणि हे हक्कसोडीचं नाही. बरोबर उलटं आहे. रेखाचं नाव उताऱ्यावर आहे, म्हणून तिची सही लागतेय. नाव कमी केलं असतं, तर मी आज इथं आलेच नसते."

संदीपला खरं वाटेना. मी त्याला प्रत्येक पान दाखवलं. ही कंपनी, या नऊ जणी, ही दहावी. जमीन जिथल्या तिथं. त्यानं दोनदा वाचलं, काही शब्दांवर अडला, विचारलं, मी सांगितलं. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

आवाज खाली आला नाही तो कौसल्याबाईंचा. "सही देईल वो. पण उद्या कामाला बी बोलवाल. हितं गाई कोण बघायच्या? माझ्या गुडघ्यांनी जवाब दिलाय. कवाच्या गप्प हुतात, आन् आता गरज पडली तवा लेक आठवली?"

ते खरंच होतं, आणि बोचणारं होतं. सुमनताईंनी उलट उत्तर दिलं नाही. "गरज पडली म्हणून आले, इहीणबाई. न्हाईतर आलेच नसते. भीती वाटत हुती." मग मुलीकडं बघून म्हणाल्या, "तू आत्ताच्या आत्ता न्हाई म्हणालीस तरी मी चहा पिऊनच जाणार."

रेखानं हात पदराला पुसले. सगळे आपापसात बोलत होते, तिला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तीच बोलली. "मॅडम, कांदा वाळवायचं काम किती महिने असतं?"

"उन्हाळा. पाऊस पडेपर्यंत."

"तवा चारा बी कमी असतो आन् दूध बी. दोन गाई आटलेल्या असतात." ती नवऱ्याकडं वळली. "आठवड्यातले चार दिवस मी तिकडं राहीन, बाकी हितं. पाऊस पडला की पुन्हा सगळे दिवस हितंच. तुमाला जमंल का, सांगा. न्हाई जमलं तरी सही मी करणार. ती माझ्या बापाच्या रानाची हाय."

संदीपनं आईकडं बघितलं. कौसल्याबाई आत गेल्या. थोड्या वेळानं आतून स्टोव्हचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचा. "साखर किती घालू, ते तरी सांगा कुणी."

रेखानं सही केली. मायलेकी अंगणात एकमेकींशेजारी बसल्या, पण बोलल्या काय, तर गाईच्या खुराला झालेल्या जखमेबद्दल. निघताना सुमनताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेवढाच.

कागद मुदतीत गेले. कंपनी झाली. खुटबावच्या जिभेला पर्सिफनी काही झेपलं नाही. 'परसाफणी', मग नुसती 'फणी' झाली, आणि आसपासच्या गावांत कित्येकांना वाटायचं, या बायका कंगवे बनवतात. पुण्याला माल वेळेवर गेला. रेखा उन्हाळ्यात डेमूच्या वेळा सांभाळत वजनकाटा आणि फोन बघायला लागली. ऑर्डरचे फोन तीच घ्यायची, आणि भाव पाडून मागणाऱ्याला असं गोड बोलून गप्प करायची, की मी माझ्या भाचीला तिच्याकडं शिकायला पाठवावं असा विचार मनात येऊन गेला.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. गणेश आईशी बोलायचा, बहिणीशी नाही. ती आली, की तो रानात निघून जायचा. मनीषा परत आली नाही. कधी कांद्याच्या शेडवरून जाताना ती थांबते, दोन शब्द बोलते आणि निघते. तिचं मला वाईट वाटतं. दहाव्या जागेची व्यवस्था मी करू शकले, तिची नाही करू शकले.

पहिल्या वार्षिक सभेला नियम समजावून द्यायला मीही गेले होते. शेडमध्येच सतरंज्या अंथरल्या होत्या. तोवर सभासद पुष्कळ वाढल्या होत्या, कारण मधल्या काळात काही घरांनी बायकांची नावं उताऱ्यावर लावून घेतली होती. रेखानं वर्षाचं काम वाचून दाखवायला सुरुवात केली, तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. संदीपच्या मागून कौसल्याबाई उतरल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवत शेडच्या दारात आल्या.

रेखा वाचता वाचता थांबली. पावसाचा पत्ता नव्हता, तिच्या परत जायच्या दिवसांना अजून अवकाश होता. सगळ्यांच्या मनात एकच आलं, सासू सुनेला न्यायला आली. 

"काय झालं, आत्या?" रेखानं विचारलं. "गाय आजारी हाय का?"

"गाईला काय धाड भरलीय? तू वाच तुझं." कौसल्याबाईंनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि माझ्याकडं धरला. "मॅडम, तुमीच न्हवं का म्हणाला, उताऱ्यावर नाव असंल तर घेता? माझ्या बापानं मला अर्धा एकर दिलाय. आजवर कुणाला सांगितलं न्हवतं, ह्याला बी न्हाई." त्यांनी अंगठ्यानं मागं, संदीपकडं दाखवलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. "माझ्या गावाकडं शेवगा लई येतो. चालंल का?"

मी उतारा बघितला. नाव होतं, स्वच्छ. रेखा एकदा सासूकडं, एकदा आईकडं बघत होती. 

सुमनताई पुढच्या रांगेतून वळल्या. "सरका गं जरा," त्या म्हणाल्या. "इहीणबाईंना पाय लांब करून बसायला जागा द्या."